निरंक

आमच्या अण्णांचा पावसाळ्यातला दिवस पावसाच्या भांड्यापाशी उजाडायचा. पाऊस येवो न येवो. तहसील कचेरीच्या मागच्या आवारात, झाडांपासून आणि भिंतींपासून लांब, तारेच्या चौकोनी कुंपणात ते भांडं रोवलेलं होतं. सरकारी कागदावर त्याचं नाव पर्जन्यमापक, पण शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्याला पावसाचं भांडंच म्हणायचे. अण्णा तिथं कारकून. भांडं वाचायचं काम मुळात कुणाच्या टेबलाचं होतं देव जाणे. एकदा ते अण्णांच्या गळ्यात पडलं आणि निवृत्त होईस्तोवर सुटलं नाही. रविवार असो, पंधरा ऑगस्ट असो की घरात बारसं असो, सकाळी आठला ते तिथं उकिडवे बसलेले असायचे.

मी पाचवीत होते तेव्हा त्यांच्या मागं मागं जायची. भांड्याचं तोंड पाच इंचांचं, आत नरसाळं, नरसाळ्याखाली बाटली. बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, पात्र डोळ्यांसमोर सरळ धरायचं आणि पाणी मध्ये जिथं खोलगट दिसतं तिथला आकडा वाचायचा. कडेनं काचेला चढलेलं पाणी धरायचं नाही. मग रजिस्टरात तारीख, मिलिमीटर, सही. बाटली कोरडी असली तर एकच शब्द: निरंक.

मी एकदा विचारलं, शून्य का नाही लिहीत?

"शून्य कुणीबी घरात बसून लिहील," अण्णा म्हणाले. "निरंक म्हंजे जाऊन बघितलं, आन् काही नव्हतं."

त्या रजिस्टरात निरंकांची रांग लांब असायची. जून ते सप्टेंबर हे दिवस १२२. त्यातही हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे चोवीस तासांत अडीच मिलिमीटर पडला तरच तो 'पावसाचा दिवस'. दोन मिलिमीटरला छत्री भिजते, वाळत घातलेल्या शेवया आत घ्याव्या लागतात, पण दिवस पावसाचा होत नाही.

एका वर्षी आषाढ कोरडा चालला होता. पेरलेलं उगवून आलं होतं आणि दुपारच्या उन्हात माना टाकत होतं. आमची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात नऊ एकर जमीन, ती धाकटे काका बघायचे. म्हणजे अण्णांचा निरंक कचेरीतलाही होता आणि घरचाही. ते संध्याकाळी यायचे, हातपाय धुवायचे आणि ढाळजेत गप्प बसायचे. माझ्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. दिवेलागणीला कचेरीमागं खेळता खेळता तारेखालून आत शिरले आणि पेलाभर पाणी त्या भांड्यात ओतून आले.

सकाळी मुद्दाम अण्णांबरोबर गेले. त्यांनी बाटली उचलली आणि तिचं वजन लागल्याबरोबर थांबले. पाणी मोजपात्रात ओतलं, पात्र माझ्या हातात दिलं.

"वाच."

"एकोणीस."

त्यांनी पायाजवळची माती उचलली, मुठीत चुरली, फुंकर मारली. धूळ उडाली. मग म्हणाले, "एका एकरावर एक मिलिमीटर पडला तर चार हजार लिटर पाणी होतं. एकोणीस पडला तर किती?"

मी तोंडी हिशेब केला. शहात्तर हजार.

"आन् तू किती ओतलंस?"

ओरडले नाहीत. मोजपात्रातलं पाणी कुंपणाजवळच्या लिंबाच्या रोपाला घातलं आणि रजिस्टरात लिहिलं, निरंक.

पुढं भूगोलाच्या पुस्तकात 'हवा' आणि 'हवामान' यांतला फरक आला. हवा म्हणजे एखाद्या ठिकाणची, एखाद्या वेळची वातावरणाची स्थिती. हवामान म्हणजे पुष्कळ वर्षांच्या हवेची सरासरी. हवेची अंगे पाच, तापमान, वायुदाब, वारे, आर्द्रता, वृष्टी. फरक स्पष्ट करा, मार्क चार. तीस वर्षांची सरासरी धरायचा जगभर रिवाज आहे आणि सध्या १९९१ ते २०२० ही तीस वर्षं धरतात, हे फार उशिरा कळलं. पुस्तकाबाहेर मात्र हा फरक कुणी पाळत नाही. उद्या पाऊस येईल का हे सांगणारं, १८७५ सालापासूनचं खातं स्वतःला हवामान विभागच म्हणवतं आणि आपणही 'आज हवामान खराब आहे' म्हणतो. 'हवा' उरली ती निवडणुकीत कुणाची आहे हे विचारायला, नाहीतर टायरात भरायला.

आमचे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. ते 'आबोहवा' म्हणायचे. पुण्याला काकांकडं चार दिवस राहून आले की, "तिथली आबोहवा काही मानवत नाही बुवा." आब म्हणजे पाणी. हवेच्या आधी पाणी घेणारा हा शब्द मला अजून आवडतो. आमच्या बोलण्यातून तो त्यांच्याबरोबरच गेला.

हवामानातलं 'मान' मला पुढं पुढं खटकायला लागलं. मराठवाड्याचं पावसाळी सरासरी पर्जन्यमान पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास सांगतात. कागदावर हे काही वाईट नाही. पण या आकड्यात नांदेड-हिंगोलीचा बरा पाऊस आणि आष्टी-पाटोद्याचं कोरडं रान एकाच भांड्यात ओतलेलं असतं. वर्षावर्षांचंही तसंच. अण्णांच्या रजिस्टरात जुलैभर निरंक आणि सप्टेंबरच्या चार दिवसांत सगळी कसर भरून निघालेली, अशी वर्षं होती. हंगामाच्या बेरजेत ती शहाण्यासारखी दिसायची. काका म्हणायचे, "तुमची सरासरी भरली अण्णा, माझे उडीद गेले त्याचं काय?"

घरात दुसरी एक वेधशाळा होती, ती म्हणजे माय, अण्णांची आई. तिला अक्षर येत नव्हतं, पण आभाळासाठी तिच्याकडं जेवढे शब्द होते तेवढे मला आजही जमलेले नाहीत. पाऊस 'पडतो' असं ती सरसकट कधी म्हणायची नाही. भुरभुर येऊन जायची, रिपरिप लागायची, सडाका यायचा, झड बसायची. नुसतं आभाळ आलं आणि वारा पडला की "गदमदायलंय नुसतं". धूळ आणि पाचोळा घेऊन वारं उठलं की "वावधान सुटलं". दोन दिवस पडून थांबला की उघाड, आणि उघाड मिळून रानात पाय रुतेनासा झाला, ढेकूळ हातात फुटायला लागलं की वाफसा. वाफसा हा खरं तर मातीचा शब्द. पण पेरणीच्या दिवसांत गावात कुणी कुणाला भेटलं की आभाळाकडं बोट दाखवून हाच प्रश्न विचारायचे, "आला का वाफसा?"

तिचं कॅलेंडर नक्षत्रांचं. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, तेवढा एकेका पावसाचा मुक्काम. रोहिण्यात आभाळ फिरायचं, सात-आठ जूनला मिरग निघायचा. मिरग निघाला की ती आम्हाला लाल मखमली किडे शोधायला पिटाळायची. किडा दिसला म्हणजे ओल खालपर्यंत गेली. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा. तरणा म्हणे हुंदडत येतो आणि निघून जातो, म्हातारा बसून राहतो. आश्लेषाला ती आसळका म्हणायची. शेवटी स्वाती, पडल्या स्वाती तर पिकतील मोती. पण तोवर दिवाळी जवळ आलेली असते आणि मोती पिकवायला रानात नुसती ज्वारीची पोरं उभी असतात. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं, बेडूक, म्हैस, कोल्हा, गाढव. अण्णा ते मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि माय गंभीरपणे ऐकायची. बेडूक आला की ती खूश. कावळ्यानं घरटं आंब्यावर बांधलं तरी खूश. बाभळीवर बांधलं की म्हणायची, "यंदा काही खरं नाही."

तिचे अंदाज चुकायचे का? चुकायचे. पण चुकल्यावर ती अंदाज कसा बरोबर होता हे पटवत बसायची नाही. "बदललं त्याचं मन," म्हणून मोकळी व्हायची.

अण्णा आणि माय, दोघांचं मोजमाप एकाच अंगणात चालायचं. अण्णा सांगायचे, काल बावीस पडला. माय विचारायची, कसा पडला? बावीस तासाभरात बदाबदा पडला तर निम्मा ओढ्याला जातो. रात्रभर झिरपत पडला तर मुळाला पोचतो. मोजपात्रात दोन्ही सारखेच दिसतात. पेरणीच्या आधी पाऊणशे ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊ द्या असं कृषी खातं दर जूनला सांगतं, ते बरोबरच आहे. पण शेजाऱ्यानं तिफण धरली की साठवर थांबायचा धीर कुणाला होतो? आणि पुढं पावसानं पंधरा दिवस दडी मारली की दुबार पेरणी, म्हणजे बियाणं दुसऱ्यांदा उसनं.

आमच्याकडं पाऊस असा अडखळत का येतो याचं उत्तर भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत होतं: पर्जन्यछायेचा प्रदेश. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्री चढतात, घाटमाथ्यावर ओझं टाकतात आणि अलीकडं उतरताना तापत, कोरडे होत येतात. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तोच वारा बालाघाटाच्या डोंगरावर येईस्तोवर नुसता वारा उरतो. दुसरा आधार बंगालच्या उपसागराचा. तिकडं कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि पश्चिमेकडं सरकत आलं तर आमच्या नशिबात झड. म्हणून आमच्या लोकांना मुंबईत पाऊस तुंबला याचं फार काही वाटत नाही. विदर्भात आभाळ आहे का, हे विचारतात. दोन समुद्रांच्या मध्ये, दोन्हींकडून उरलेल्यावर जगणारा हा मुलूख आहे.

आता 'अवकाळी' या शब्दाबद्दल. तो हल्ली दर मार्च-एप्रिलला बातम्यांत असतो. माझ्या लहानपणी चैत्र-वैशाखात पडणाऱ्या पावसाला आम्ही वळीव म्हणायचो, आणि त्याची वाट बघायचो. दुपारभर झळा, फुफाट्यानं पाय भाजायचे, चारच्या सुमाराला पश्चिमेला काळं व्हायचं, आणि अर्ध्या तासात अंगण भिजवून आभाळ मोकळं. आम्ही पोरं गारा वेचून फडक्यात बांधायचो. पाऊस तोच, वेळ तीच. मधल्या काळात रानं बदलली. तेव्हा वैशाखात रानं रिकामी असायची, नांगरट झालेली. वळवानं ढेकळं फुटायची. आता तिथं काढणीला आलेला कांदा असतो, उन्हाळी सोयाबीन असतं, जालन्याकडं मोसंबीचा आंबिया बहार झाडावर असतो. आभाळाला यातलं काहीच माहीत नाही. त्याचा वळीव झाला की अवकाळी, हे ठरतं खाली काय उभं आहे त्यावरून.

गारा वेचायची मजा २०१४ साली संपली. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात जागोजाग गारपीट झाली. तापलेल्या जमिनीवरून दमट हवा जोरात वर चढते, थेंबांना गोठणाऱ्या उंचीवर नेते, आणि तोलेनासे झाले की ते गोळे खाली येतात. गार कशी तयार होते हे मी वर्गात शिकवलं आहे, फळ्यावर बाण काढून. त्या वर्षी भावानं फोनवर एवढंच सांगितलं, "आक्का, गहू नाही राहिला. रान पांढरं झालंय." शेजारच्या बागेतली द्राक्षं आणि झाडाखाली मेलेले पक्षी एकाच ढिगात पडले होते. त्यानंतर मी गारपिटीचा धडा शिकवायला घेतला की बाण काढते खरी, पण वर्गातली गावाकडची पोरं माझ्याकडं बघत नसतात.

आणि झड. झडीबद्दल मला थोडं थांबून लिहायचं आहे, कारण आमचं सगळं घरच झडीच्या विरोधात आणि उन्हाच्या भीतीनं बांधलेलं होतं.

गावातलं घर माळवदाचं. दोन-अडीच हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, सागाचे खांब, तुळया, वर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. सपाट छत. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना आत गेलं की अंगावरून गार हात फिरल्यासारखं व्हायचं. रात्री त्याच माळवदावर अंथरुणं पडायची. मला नक्षत्रं तिथं पडल्या पडल्या कळली, पुस्तकात नंतर. कमी पावसाच्या मुलखात सपाट मातीचं छत म्हणजे अक्कलहुशारीचंच काम. आभाळ एवढं कंजूष असताना उतरती कौलं कशाला?

पण वर्षा-दोन वर्षांनी कधीतरी भाद्रपदात झड बसायची. तीन दिवस, चार दिवस, सूर्य नाही. पहिल्या दिवशी मजा, भजी. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात टिपूस. मग घरभर भांडी मांडली जायची, पातेली, घमेली, तांब्ये, आणि प्रत्येकाचा ठिबकण्याचा आवाज वेगळा. उजेडासाठी ठेवलेल्या झरोक्यावर परात पालथी घातलेली असायची, तिच्यावर पाऊस वाजायचा. काका पोतं डोक्यावर घेऊन वर चढायचे आणि चर पडली असेल तिथं पांढरी माती दाबायचे. ही पांढरी माती दर उन्हाळ्यात टाकावी लागायची. यंदा थोडी, पुढल्या वर्षी थोडी. जुनी काढून नवी घालावी असं कुणी करत नसे. गळतंय, टाका माती. तापतंय, टाका माती. आजोबांच्या काळापासूनचा उन्हाळा-पावसाळा असा थरावर थर होऊन डोक्यावर साचत होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडं फडताळातली भांडी पडली, एका भिंतीला चीर गेली, एवढ्यावर भागलं. लातूर-उस्मानाबादच्या त्या गावांत हजारो माणसं गेली, आणि बहुतेक गेली ती झोपेत, स्वतःच्याच घराच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. ऊन लागू नये म्हणून आणि पाऊस गळू नये म्हणून पिढ्यान् पिढ्या घातलेली ती माती. भूकंप हा हवामानाचा विषय नव्हे, हे मला कळतं. तरी माझ्या डोक्यात या दोन गोष्टी वेगळ्या निघत नाहीत. पुढच्या दोन-तीन वर्षांत काकांनी माळवद उतरवलं आणि पत्रे घातले. पत्र्याखाली मे महिन्यात माणूस बसू शकत नाही. कूलर आला, मग कूलरला पाणी हवं म्हणून बोअर आला. असो.

थंडीबद्दल लिहायला फारसं नाही, कारण आमच्याकडं ती कुणाचं काही बिघडवत नाही. निदान फार नाही. मार्गशीर्ष अवसेला येळवस असते. कडब्याची कोप घालून तिच्यात पूजा, भज्जी, उंडे, आंबील, आणि सगळं गाव रानात. अंगावर गारठा, आंबील पोटात, ज्वारी पोटऱ्यात. त्या दिवशी आमच्या मुलखाचं हवामान जगात सगळ्यात चांगलं असतं असं माझं ठाम मत आहे. फक्त आभाळ भरून येऊन धुई पडायला लागली की हरभऱ्याचा फुलोरा गळतो म्हणून काकांचा चेहरा उतरायचा. बाकी पुण्या-मुंबईच्या लोकांना हुरडा खायला बोलवावं असे हेच दिवस.

सगळ्यात अवघड हवा म्हणजे जिच्यात काही घडतच नाही ती. गारपिटीला तारीख असते, पुराला असते, दुष्काळाला नसते. तो कधी सुरू झाला हे मागं वळून बघितल्यावर कळतं, आणि मागं बघितलं की दिसते नुसती निरंकांची रांग. मायच्या तोंडी बहात्तर साल होतं. रस्त्याच्या कामावर फोडलेली खडी, पोरांना मिळणारी सुकडी, रेशनचा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. "हात फुटले, पर पोट भरलं," एवढंच ती म्हणायची आणि विषय बदलायची. मी बघितलेला दुष्काळ २०१६ चा. तेव्हा मी लातूरला नोकरीला होते. धनेगावचं मांजरा धरण आटलेलं, नळ कोरडे, गल्लीत निळ्या पिंपांच्या रांगा, टाक्यांभोवती जमावबंदी. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वॅगन, पाच लाख लिटर. स्टेशनवर गर्दी, कॅमेरे, हार. मी घरी स्वयंपाक करत टीव्हीवर बघत होते आणि अण्णांचा हिशेब आपोआप डोक्यात सुरू झाला. एका एकराला एक मिलिमीटर म्हणजे चार हजार लिटर. म्हणजे पाच लाख लिटर म्हणजे एका एकरावरचा सव्वाशे मिलिमीटर पाऊस. आमच्या बांधापलीकडच्या एका एकरावर जेवढं दोन बऱ्या झडींत पडून ओढ्यानं वाहून जातं, तेवढं पाणी रुळांवरून तीनशेहून जास्त किलोमीटर चालत आलं होतं. अण्णा तेव्हा हयात होते. मी फोन केला, सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आन् ते दहा डबे नीट भरले होते का?" कारकून तो कारकूनच.

त्याच सुमाराला, २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेहून विमान उडवून ढगांत रसायन फवारायचा कृत्रिम पावसाचा प्रयोगही झाला. त्यावर गावात इतके विनोद झाले की खरं काय झालं ते कुणी विचारलंच नाही. विमानाला पेरायला आधी ढग लागतात, हे मात्र सगळ्यांना कळलं.

अण्णा आता नाहीत. नऊ एकर धाकटा भाऊ बघतो. त्याच्या फोनमध्ये तीन-चार हवामानाची अ‍ॅप आहेत, त्यांतलं एक पुण्याच्या संस्थेनं केलेलं दामिनी. वीज जवळपास पडण्याचा धोका असला की ते सावध करतं. ते वाजलं की तो ट्रॅक्टर सोडून घराकडं येतो. या एका अ‍ॅपबद्दल माझी काही तक्रार नाही. आमच्याकडं दर उन्हाळ्याच्या शेवटी विजेनं माणसं जातात, झाडाखाली थांबलेली. बाकीची अ‍ॅप एकमेकांशी भांडतात. एकात ढगाखाली तीन थेंब, दुसऱ्यात हसरा सूर्य. शिवाय गल्लोगल्ली अंदाज सांगणारे झाले आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचे आवाज फिरतात: "शेतकरी बांधवांनो, चौदा ते सतरा." भाऊ सगळ्यांचं ऐकतो आणि शेवटी अंगणात येऊन वर बघतो. पूर्वी माय बघायची त्याच बाजूला.

पावसाचं भांडंही आता तसलं राहिलं नाही. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, एका ठिकाणी स्वयंचलित यंत्र उभं असतं. त्यात छोटी वाटी असते, ठरावीक पाणी भरलं की ती कलंडते आणि यंत्र एक आकडा पुढं सरकवतं. उकिडवं बसायला नको, आठ वाजता उठायला नको. आमच्या मंडळाचं यंत्र आमच्या रानापासून नऊ किलोमीटरवर आहे. पाऊस कधी कधी बांधावरून परत फिरतो. बैलाचं एक शिंग भिजतं आणि एक कोरडं राहतं, असं म्हणतात ते काही उगाच नाही. त्या नऊ किलोमीटरमध्ये काय काय घडत असेल!

मागच्या भाद्रपदात रात्री नऊला भावाचा फोन आला. सोयाबीन दोन दिवसांपासून पाण्यात होतं. शेंगा भरलेल्या, काढणीला आठवडा राहिलेला. ओढ्यानं बांध फोडला होता आणि वरच्या रानाची माती खालच्या रानात आली होती. मी विचारलं, पंचनामा?

"मंडळात अतिवृष्टी लागली पायजे ना आक्का. चोवीस तासांत पासष्ट."

"मग किती दाखवलाय?"

"एकसष्ट."

आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. मी मनात हिशेब करत होते. त्या यंत्राच्या तोंडाला चार मिलिमीटर म्हणजे कपभर चहाएवढंही पाणी नाही. एकराला सोळा हजार लिटर, पण यंत्राला जेमतेम अर्धा कप. त्याच्याही डोक्यात बहुतेक तेच चाललं होतं. पेल्याची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, अण्णा दर राखीपौर्णिमेला सांगायचे.

"आक्का," तो म्हणाला, "तो पेला हाय का गं अजून?"

मला हसू फुटलं, त्यालाही. तिकडं पत्र्यावर काहीतरी ताडताड वाजत होतं, त्याचं बोलणं नीट ऐकू येईना.

"पडायलाय का परत?" मी ओरडून विचारलं.

"थांब, बाहेर जाऊन बघतो," तो म्हणाला, आणि फोन तसाच चालू ठेवून गेला.